विद्यार्थ्यांना लवचिक, स्वयंअध्ययनाचा अभ्यासक्रम खरंच हवा असतो का?

तुमच्या विभागात असा अभ्यासक्रम आणायचा विचार आहे आणि मुलं त्याकडे कसं बघतील, असं तुम्ही विचारलंय. मी महाविद्यालयात शिकवतो, मुलांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करतो. माझं उत्तर: हवा असतो, पण सत्राच्या सुरुवातीला जितका हवा असतो तितका मध्यावर नसतो.

विषय तुम्हीच निवडा, काय वाचायचं तेही ठरवा म्हटलं की वर्ग खूश. काही आठवडे गेले की तीच मुलं दारात उभी राहतात. ‘सर, नेमकं किती लिहायचं? मार्क कशावर देणार?’ काही सहकारी याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. शाळेपासून ठरलेला पोर्शन आणि ठरलेला पेपर पॅटर्न बघत आलेल्या मुलाने निकष विचारले तर त्यात गैर काय? गुण त्याचेच जाणार असतात.

वेळेची सवलत मात्र सगळ्यांनाच हवी असते, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना तर फारच. आणि गंमत म्हणजे मुलं तिथेच जास्त घसरतात. डॅन एरिअली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. निबंधांच्या मुदती स्वतः ठरवायला दिल्यावर अनेकांनी आपणहून सत्र संपण्याआधीच्या तारखा निवडल्या. म्हणजे आपण टाळाटाळ करतो हे त्यांना ठाऊक होतं. तरीही समान अंतराने मुदती बांधून दिलेल्यांना गुण जास्त मिळाले.

विषयनिवडीचं उलट. पहिल्या वर्षी कुरकुर असते, कारण पाया नसताना निवडायचं तरी कशातून? शेवटच्या वर्षाला तीच मुभा हवीहवीशी वाटते.

अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६९ साली विद्यार्थ्यांच्याच रेट्यामुळे मुक्त अभ्यासक्रम आला. सर्वांना सक्तीचे सामान्य विषय तिथे नाहीत. एक मुख्य विषय पूर्ण करावा लागतो, ठरावीक संख्येने कोर्स उत्तीर्ण व्हावे लागतात, लेखनाची अट असते, बाकी निवड तुमची. माझ्या मते त्यातली खरी मेख वेगळीच आहे: नापास झालेला कोर्स बाहेर पाठवल्या जाणाऱ्या गुणपत्रकावर दिसत नाही. त्यामुळे अनोळखी विषय घेऊन बघायची हिंमत होते. आपण बरेचदा मोकळीक देतो आणि ती वापरताना फसलं तर होणारं नुकसान जसंच्या तसं विद्यार्थ्याच्या माथी ठेवतो. मग ‘मुलांना स्वातंत्र्य नकोच असतं’ म्हणायला मोकळे!

सर्वेक्षण करणार असाल तर ‘लवचिक अभ्यासक्रम आवडेल का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. मुदत, विषय आणि मूल्यमापन यांबद्दल वेगवेगळं विचारा, आणि पहिल्या वर्षाची उत्तरं शेवटच्या वर्षाच्या उत्तरांत मिसळू नका.