नारळ कोणी धरलाय?

वेंगुर्ला

प्रिय लेखकबुवा,

तुझा एपिसोड वाचला. 41 पानं! अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती आणि टायटल वजा जाता गोष्टीला साधारण 22 मिनिटं उरतात, म्हणजे मिनिटाला एक पान धरून 22 पानं, हे मागेच सांगितलं होतं.

चाकरमानी काकाच्या पोटावरचे आणि टकलावरचे विनोद तीन पानं चाललेत. सगळे काट. पण सातव्या पानावर अबोला धरलेले दोघे भाऊ गणपतीची माटवी (मूर्तीच्या वर टांगायची, फळापानांनी सजवलेली चौकट) बांधतात, हे तू दोन ओळींत उरकलंयस. अरे, एपिसोड तिथेच आहे! दोघे दोन स्टुलांवर, मध्ये एकच दोरी, तिला नारळ आणि सुपारीचा घड. खाली धाकट्याचं पोर. धाकटा म्हणतो, "तुज्या काकाक सांग, दोरी ढिली कर." वरून थोरला, "तुज्या बापाशीक सांग, मी दोरी सोडलंय तर नारळ त्येच्याच टकलार पडतलो." रागावून निघून जायची सोय दोघांनाही नाही. आता त्यांना दहा मिनिटं तसंच धरून ठेव. टोमणे नंतर सुचले तर लिही, नाही सुचले तरी चालेल.

जत्रेतल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान आधी ठरतं, संवाद उभ्या उभ्या येतात. त्यातलं विनोदी पात्र, संकासुर, मालवणीत वाट्टेल ते बोलतो, पण हशा पिकतो तो समोरचा ढिम्म हसत नाही म्हणून. तुझ्या एपिसोडमध्ये सगळेच संकासुर झालेत. एक तरी गंभीर माणूस दे, आणि तो चांगल्या नटाला दे.

निर्माता व्हायचंय म्हणतोस. वाहिनीचे पैसे प्रसारणानंतर येतात, बहुतेकदा 90 दिवसांनी. लाइटवाले, जेवण, जनरेटरचं डिझेल मात्र रोजच्या रोज. माझी पहिली मालिका एका वाहिनीने 13 भागांत गुंडाळली, तोवर आमच्या बागेतल्या कलमांचं दोन वर्षांचं उत्पन्न सेटच्या भिंतींत गेलं होतं. (आई अजून त्या मालिकेचं नाव घरात काढू देत नाही.) तेव्हा आधी पाच-सहा वर्षं दुसऱ्याच्या पैशावर लिही आणि एडिटला जाऊन बस. आपलंच वाक्य कापलं गेल्यावर सीन सुधारलेला तिथे दिसतो.

संहिता कुणालाही मेल करण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदव. कथा, पटकथा, संवाद यांपैकी कशाकशाला तुझं नाव लागणार, ते करारात लिहून घे. "बघू नंतर" म्हणणारा नंतर फोन उचलत नाही. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे लेखकाला रॉयल्टीचा आपला हक्क सहजासहजी लिहून देता येत नाही. तरी तसली कलमं घालणारे भेटतात, म्हणून प्रत्येक पान वाच.

दोन भाऊ, एक पोर, 22 पानं. चतुर्थीआधी पाठव. नारळ शेवटी पडावा की नाही, माझं अजून ठरत नाहीये. तू ठरव.

तुझा,
(टक्कल पडलेला) काका