स्की-बूट पायाला का लागतात?

प्रश्न: जानेवारीत आठवडाभर स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला स्कीइंगला जातोय. भाड्याचे बूट फार लागतात म्हणे. दोन-दोन मोजे घालू का?

उत्तर: मुळीच नको. दोन मोज्यांच्या घड्या नडगीत रुततात, शिवाय रक्त अडून बोटं उलट गारठतात. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ लोकरी मोजा पुरे. थर्मलची विजार बुटात खोचू नका. माप सेंटिमीटरमध्ये असतं: पाऊल २६.५, तर बूटही २६.५. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतातच. टाच मागे आपटून आधी घोट्याजवळचं बकल आवळा, पंज्यावरचं नुसतं अडकवा, मग गुडघे वाकवा. आता बोटं पुढून सुटायला हवीत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. संकोच न करता बदलून मागा. रात्री बूट उबदार जागी वाळवा. गारठलेलं प्लॅस्टिक सकाळी पाय आत घेता घेत नाही.