‘म्हणजे’ म्हणजे काय? अर्थ, खूण आणि प्रॅग्मॅटिझम

प्रश्न असा आला आहे. ‘प्रॅग्मॅटिक’ माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्यवहारी, वेळ बघून वागणारा माणूस येतो. ‘प्रॅग्मॅटिझम’ला मराठीत फलप्रामाण्यवाद म्हणतात, आणि त्यातूनही ‘ज्याचा फायदा तेच खरं’ असा सूर ऐकू येतो. मग शब्दांचा अर्थ, चिन्हं यांची चर्चा निघाली की या तत्त्वज्ञानाचं नाव कसं काय येतं? आणि त्या चर्चेतल्या ‘साइन’ला मराठीत चिन्ह म्हणावं की खूण?

उत्तराची सुरुवात आपण दिवसातून शंभर वेळा वापरतो त्या शब्दापासून करते. तो शब्द ‘म्हणजे’. हा शब्द दोन कामं करतो. ‘सव्य म्हणजे डावा’ यात तो अर्थ सांगतो. ‘पाऊस थांबला म्हणजे निघू’ यात तो ‘जेव्हा–तेव्हा’चं काम करतो: अमुक झालं की तमुक होईल. मुळात हे जुन्या मराठीतलं कर्मणी रूप आहे, ‘म्हणिजे’, म्हणजेच ‘म्हटलं जातं’. कीजे, दीजे, बोलिजे ही त्याचीच भावंडं. त्यामुळे पहिलं काम त्याच्याकडे का आलं ते उघड आहे. मला भुरळ घालतं ते दुसरं काम. अर्थ सांगणारा शब्द आणि ‘असं केलं की असं होतं’ सांगणारा शब्द मराठीत एकच आहे. हिंदीतला ‘यानी’ पहिलं काम करतो, दुसरं नाही.

चार्ल्स सँडर्स पर्स या अमेरिकन विचारवंताला आयुष्यभर जे सांगायचं होतं, ते या दोन कामांच्या सांध्यावर उभं आहे. (त्याचं नाव मराठीत बहुधा ‘पीअर्स’ असं लिहितात, पण घराण्याचा उच्चार ‘पर्स’ असा आहे.) जन्म 1839, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा. वडील हार्वर्डला गणिताचे प्राध्यापक. पर्सने स्वतः अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्यात सुमारे तीस वर्षं नोकरी केली. तिथे लंबक झुलवून ठिकठिकाणचं गुरुत्वाकर्षण मोजणं हे त्याचं मोठं काम होतं. त्यामुळे ‘वजन’ या शब्दाचा अर्थ शोधताना त्याच्यासमोर शब्दकोश कमी आणि उपकरणं जास्त असणार, असं मला नेहमी वाटतं.

जानेवारी 1878 मध्ये ‘पॉप्युलर सायन्स मंथली’ या मासिकात त्याचा एक लेख आला. आपल्या कल्पना स्पष्ट कशा कराव्यात, हा विषय. त्यातला नियम माझ्या शब्दांत असा: एखाद्या कल्पनेचा विषय असलेल्या वस्तूचे आपल्या वागण्याशी संबंध येऊ शकेल असे कोणकोणते परिणाम संभवतात ते मनात आणा, त्या परिणामांची कल्पना हीच त्या वस्तूची तुमची संपूर्ण कल्पना. उदाहरण त्याने ‘कठीण’ या शब्दाचं दिलं. कठीण म्हणजे काय? इतर बऱ्याच पदार्थांनी ओरखडलं म्हणजे ज्यावर ओरखडा उठत नाही ते. या वाक्यातले दोन्ही ‘म्हणजे’ बघा. पहिला अर्थाचा, दुसरा ‘असं केलं की’चा. पर्सचं म्हणणं एवढंच, की पहिल्या ‘म्हणजे’ला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर दुसऱ्या ‘म्हणजे’पाशी यावंच लागतं.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी आजीच्या ओट्यापाशी कळलं होतं. रव्याच्या लाडवांसाठी पाक उकळत होता. एकतारी पाक म्हणजे किती घट्ट, असं मी विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. कालथ्यावरचा थेंब जरा निवू दिला, माझ्या अंगठ्यावर टेकवला आणि म्हणाली, “तर्जनी लाव. आता हळूच सोडव.” पहिल्या खेपेला बोटं नुसतीच चिकट झाली. दोन मिनिटांनी पुन्हा तेच केलं, तेव्हा दोन बोटांच्या मधे केसासारखी एक तार आली, क्षणभर टिकली आणि तुटली. “ही बघ. आता गॅस बंद कर, नाहीतर लाडू खडखडीत होतील.” ‘एकतारी’ या शब्दाचा संपूर्ण अर्थ त्या दोन वाक्यांत होता: बोटं ताणली म्हणजे काय दिसेल, आणि पुढे उकळू दिलं म्हणजे काय होईल. गोळीबंद पाकाचंही तसंच. थेंब गार पाण्यात टाकला म्हणजे त्याची गोळी होते. आपल्या पाककलेतले हे शब्द नावातच आपली कसोटी घेऊन फिरतात.

पर्सनेही पुढे एका ठिकाणी हुबेहूब पाककृतीसारखी व्याख्या दिली आहे. लिथियम म्हणजे काय हे सांगताना त्याने अणुभाराच्या आकड्यावर विषय संपवला नाही. काचेसारखी चमक असलेलं, राखी किंवा पांढरं, कठीण पण ठिसूळ, न विरघळणारं असं खनिज शोधा. ज्योतीला किरमिजी छटा देतं का बघा. ते अमुक पदार्थाबरोबर कुटा, वितळवा, आम्लात विरघळवा, अशी ती वाक्यामागून वाक्य चालते. व्याख्या वाचून झाली की वस्तू हातात कशी येईल ते कळतं. शब्दकोश करणाऱ्यांनी ही व्याख्या एकदा तरी वाचावी, असं मला मनापासून वाटतं. ‘मूग: एक प्रकारचं कडधान्य’ एवढ्यावर थांबणाऱ्या नोंदीने मूग ओळखता येत नाही.

यात एक खोच आहे आणि ती पर्सला फार वर्षं टोचत राहिली. कापसाच्या गादीत एक हिरा तयार झाला, आणि कुणी ओरखडून बघायच्या आतच जळून गेला. तो कठीण होता का? 1878 मध्ये पर्स म्हणाला, हा केवळ बोलण्याच्या सोयीचा प्रश्न आहे. 1905 मध्ये त्याने स्वतःची चूक दुरुस्त केली. ओरखडा काढून बघितला नाही, पण काढला असता तर उठला नसता, आणि हे ‘असतं तर’ही जगातलं खरं आहे. म्हणून अर्थ म्हणजे प्रत्यक्ष घडलेल्या परिणामांची बेरीज नव्हे. असं केलं असतं तर काय झालं असतं, हा नियम म्हणजे अर्थ. ‘अर्थ म्हणजे उपयोग’ असं घाईने म्हणणाऱ्यांचं इथे चुकतं. जळून गेलेल्या हिऱ्याचा उपयोग शून्य, अर्थ मात्र शाबूत.

आता ‘फलप्रामाण्यवाद’ या शब्दाकडे. प्रामाण्य हा खरं-खोटं ठरवण्याच्या प्रांतातला शब्द आहे. पर्सचा नियम त्याच्या अलीकडचा आहे: वाक्य खरं की खोटं ते नंतर बघू, आधी त्याचा अर्थ काय ते ठरवू. ‘फळावरून सत्य’ ही बाजू प्रामुख्याने विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने मांडली. ‘प्रॅग्मॅटिझम’ हा शब्द जेम्सनेच 1898 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या व्याख्यानात जाहीरपणे पुढे आणला, श्रेय पर्सला दिलं, आणि 1907 च्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. सत्याची ‘रोख किंमत’ काय, अशी त्याची भाषा होती. त्याला अभिप्रेत अर्थ गल्ल्यातल्या पैशांपेक्षा खोल होता, पण ऐकणाऱ्यांच्या कानात रोख किंमतच राहिली. वैतागून पर्सने 1905 मध्ये आपल्या मताला ‘प्रॅग्मॅटिसिझम’ असं वेगळं नाव दिलं. हे इतकं कुरूप आहे की कुणी पळवणार नाही, असं त्याने लिहिलं.

पर्सच्या 1905 च्या त्या लेखातच प्रश्नकर्त्याच्या मूळ शंकेचं थेट उत्तर आहे. मित्रांनी त्याला ‘प्रॅक्टिकलिझम’ असं नाव सुचवलं होतं. त्याने ते नाकारलं. त्याचं तत्त्वज्ञानाचं शिक्षण कांट या जर्मन तत्त्वज्ञाच्या ग्रंथांवर झालेलं, आणि कांटच्या जर्मनमध्ये ‘प्राक्टिश’ आणि ‘प्राग्माटिश’ यांत दोन ध्रुवांचं अंतर. दुसऱ्या शब्दात ठरावीक मानवी हेतूशी असलेलं नातं येतं. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘प्राग्मा’ आहे: कृती, केलेली गोष्ट. तेव्हा राजकारणाच्या बातम्यांतला ‘प्रॅग्मॅटिक’, म्हणजे तडजोड करणारा, हा या तत्त्वज्ञानाचा अर्थ नव्हे.

मला स्वतःला ‘व्यवहार’ हा शब्द जवळचा वाटतो, पण आजचा नव्हे, जुना. शब्दाचा अर्थ मूल कसं शिकतं, यावर मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र करणाऱ्यांनी, ‘वृद्धव्यवहार’ (मोठ्यांचं बोलणं-वागणं) सांगितला आहे. एक मोठा माणूस दुसऱ्याला म्हणतो, ‘गाम् आनय’. दुसरा गाय घेऊन येतो. बाजूला बसलेलं मूल आधी वाक्य ऐकतं, मग कृती बघतं. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्यं आणि त्यांमागच्या कृती बघून कोणत्या शब्दाचं काय ते लावतं. पर्सचं उदाहरण लष्करी आहे: अधिकारी हुकूम देतो आणि रांगेतल्या बंदुकांचे दस्ते जमिनीला टेकतात. दोन्हीकडे अर्थ कृतीत दिसतो. आपण ‘व्यवहार’ पैशाच्या देवघेवीपुरता आक्रसून टाकला, नाहीतर ‘व्यवहारवाद’ हे नाव चाललं असतं.

मराठी माणसाचा या परंपरेशी एक खरा धागाही आहे. तिसरे मोठे प्रॅग्मॅटिस्ट जॉन ड्युई हे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षक. 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी त्यांचं ऋण नाव घेऊन मानलं आहे. त्याच ग्रंथात ते ‘धर्म’ या शब्दाशी थांबून विचारतात, की तत्त्व कुठलं आणि नियम कुठला. आणि हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो प्रत्यक्षात आज्ञा आणि निषेधांचा समूह आहे, असं दाखवतात. शब्दाच्या भारदस्तपणावर न जाता तो माणसांना काय करायला लावतो ते बघायचं, ही रीत मला या परंपरेच्या फार जवळची वाटते.

आता खूण की चिन्ह. पर्सच्या मांडणीत प्रत्येक चिन्हाला तीन टोकं असतात: चिन्ह स्वतः, ते ज्याच्याविषयी आहे ती वस्तू, आणि त्या चिन्हाने जो परिणाम घडवला तो. हे तिसरं टोक म्हणजे ऐकणारा माणूस नव्हे, त्याच्यात उमटलेलं काहीतरी. कुकरची पहिली शिट्टी होते, तुम्ही दचकता: हा भावनेतला परिणाम. तिसरी होते, तुम्ही उठून गॅस बंद करता: हा कृतीतला. आणि ‘तीन शिट्ट्या म्हणजे डाळ शिजली’ ही जी सवय मनात बसली आहे, जिच्यामुळे उद्याही तुम्ही उठाल, ती पर्सच्या मते चिन्हाच्या अर्थाचं शेवटचं मुक्काम-ठिकाण. इथे त्याचा अर्थाचा नियम आणि चिन्हांचा सिद्धांत एकत्र येतात.

चिन्ह आणि वस्तू यांच्या नात्यावरून त्याने तीन जाती केल्या. सारखेपणावर चालतं ते ‘आयकॉन’: चित्र, नकाशा. प्रत्यक्ष संबंधावर चालतं ते ‘इंडेक्स’: धूर, वातकुक्कुट, दारावरची थाप, तापाचं लक्षण. नियमावर, रूढीवर चालतं ते ‘सिंबॉल’: भाषेतले शब्द. कादंबरीत निर्जन बेटावर अडकलेल्या रॉबिन्सन क्रूसोला वाळूत दिसलेला पाऊलठसा हे पर्सचं एक उदाहरण. त्यात एकच ठसा दोन प्रकारे काम करतो: बेटावर कुणीतरी आहे याची ती खूण, आणि ‘माणूस’ ही कल्पना जागी करणारा संकेतही.

आपल्याकडे याहून दाट उदाहरण आहे: गौरीची पावलं. भाद्रपदात गौरी घरात येतात तेव्हा उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं काढतात. जमिनीवर उमटलेलं खरं पाऊल ही खूण, कुणी चालत गेल्याशिवाय ती उमटत नाही. ही पावलं रांगोळीने किंवा कुंकवाने काढलेली, म्हणून ती पावलाची प्रतिमा. म्हणजे खुणेचं चित्र. आणि त्यांवरून गौरी आली हे समजायचं, हा रूढीचा नियम. पण बोटं आत वळलेली असावी लागतात. कुणी चुकून उंबऱ्याकडे वळवली तर घरातली मोठी बाई पुसून पुन्हा काढायला लावते. दिशा हा त्यातला खुणेचा अंश, आणि तो कुणीही सोडत नाही.

म्हणून माझं उत्तर असं. तिन्ही जातींना मिळून ‘चिन्ह’ म्हणावं. ‘इंडेक्स’साठी ‘खूण’ सोडून दुसरा शब्द शोधू नये. चाहूल, माग, मागमूस, लक्षण ही सगळी त्याच घरातली. ‘सिंबॉल’ला ‘प्रतीक’ म्हणू नये, कारण ‘घोडा’ हा शब्द घोड्याचं प्रतीक नाही. तिथे ‘संकेत’ हवा. शब्द आणि अर्थ यांच्यातला ठरलेला संबंध, या अर्थी संस्कृत शास्त्रांत तो आहेच. अडचण एवढीच, की ‘पाऊस लांबण्याचे संकेत’ अशा बातम्यांमुळे संकेत खुणेच्या जागी जाऊन बसला आहे. ढग काही ठरवून येत नाहीत. तिथे ‘चिन्हं’ किंवा ‘लक्षणं’ म्हणावं.

‘खूण’ला माझं मत जास्त असण्याचं आणखी एक कारण ‘खूणगाठ’. विसरू नये म्हणून पदराला मारलेली गाठ, ती खूणगाठ. गाठीत निरोप लिहिलेला नसतो. हाताला लागली म्हणजे काहीतरी करायचं आहे हे आठवतं. पण आपण ‘मनाशी खूणगाठ बांधली’ असंही म्हणतो, आणि तिथे पदर नाही, गाठ नाही. यापुढे असंच वागायचं, एवढा निश्चय आहे.