दिव्याखाली येणारे हे काळे किडे हुमणीचे भुंगेरे आहेत का?

हुमणी (पिकांची मुळं खाणारी अळी) नाही, निर्धास्त राहा. हुमणीचा भुंगेरा तपकिरी, चांगला दीड-दोन सेंटिमीटरचा असतो आणि वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतो. तुम्ही लिहिलंय की तासगावला ओट्यावरच्या बल्बखाली चार-पाच मिलिमीटरचे काळे कुळकुळीत किडे पडतात, चिरडले की उग्र वास सुटतो. हे मातीत राहणारे ढेकूण (अंथरुणातले नव्हेत), सिडनिडी कुळातले. आमच्या कोरेगावकडेही पावसाळ्यात असेच येतात.

तुम्ही टाकलेलाच फोटो मोठा करून पाठ बघा. भुंग्याचे कडक पंख पाठीवर मधोमध सरळ रेषेत मिळतात. इथे तशी रेघ नाही. मानेमागे मोठा त्रिकोण आहे आणि त्याच्या मागे पंखांची पातळ टोकं एकमेकांवर चढलीत. एवढ्यावरच भुंगा बाद! किडा उलटा केलात तर जबड्यांऐवजी पोटाकडे दुमडलेली सोंड दिसेल. पाय बघायला मात्र भिंग घ्याच, खरी गंमत तिथे आहे: पुढच्या पायाची नळी चपटी आणि कडेला राठ काट्यांची रांग, जणू दाताळंच. डोकंही चपटं, मातीत घुसायला सोयीचं. वास येतो तो छातीच्या खालच्या बाजूच्या ग्रंथींमधून.

आता जात. मोबाइलच्या ॲपने दिलेल्या नावावर जाऊ नका. आकारावरून मला फ्रोमुंडस पिग्मियसचा संशय येतो (डॅलसने १८५१ साली वर्णन केलेली जात), पण तशाच दिसणाऱ्या आणखी जाती आहेत. वासाच्या ग्रंथीच्या तोंडाभोवतीचा खरबरीत भाग आणि नराचं जननेंद्रिय तपासल्याशिवाय जाणकारही छातीठोक नाव सांगत नाहीत.

पिकाचं म्हणाल तर यांतले बरेच मुळांतला किंवा जमिनीवर पडलेल्या बियांतला रस शोषतात. अमेरिकेत यांचा एक भाऊबंद भुईमुगाच्या शेंगेत सोंड खुपसून दाणे डागाळतो. तेव्हा शेंगा काढताना दाण्यांवर डाग आहेत का, नजर टाका. पण दिव्याखाली चार किडे पडले म्हणून रानात औषध ओतू नका. रात्री ओट्यावरचा दिवा बंद ठेवा, बस.

नक्की नाव हवंच असेल, तर थोडे किडे अल्कोहोलच्या सॅनिटायझरमध्ये बुडवा. गाव आणि तारीख कागदावर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीतच टाका, पेनाची शाई विरघळते. मग बाटली कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. तुम्हाला कराड जवळ पडेल.