वाचकांचे प्रश्न: ओव्हनमध्ये भाजलेला लसूण

ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर लसणाचे दोन गड्डे अर्धा तास ठेवले. वरचं तोंड कोळशासारखं झालं आणि आतल्या पाकळ्या करकरीत राहिल्या. तापमान वाढवायला हवं होतं की कमी करायला? (एक वाचक, नाशिक)

कमी. पण मूळ चूक तापमानाची नाही. तुमच्या पत्रात फॉइलचा उल्लेख नाही, म्हणजे गड्डे उघडेच ठेवले असं धरतो. लसूण भाजताना दोन कामं एकामागून एक व्हावी लागतात: आधी पाकळी स्वतःच्याच वाफेवर मऊ शिजते, मग तिला रंग येतो. भरताच्या वांग्याला चीर देऊन आत लसूण खोचतात, त्या पाकळ्या कशा लोण्यासारख्या होतात आठवा. जाळ लागतो तो वांग्याच्या सालीला, लसणाला मिळते नुसती वाफ. ओव्हनमध्ये हे वांग्याचं काम फॉइलने करायचं.

गड्डा घट्ट आणि हाताला जड लागणारा घ्या, कोंब आलेला नको. बाहेरची सुटी साल काढा, पण पाकळ्या धरून ठेवणारी साल आणि बुडखा तसाच राहू द्या. शेंड्याकडून साधारण एक सेंटीमीटर कापा, म्हणजे पाकळ्यांची तोंडं उघडी दिसतील. कडेच्या बुटक्या पाकळ्या सुरीखाली येत नाहीत. त्यांना सुरीच्या टोकाने वेगळी चीर द्या, नाहीतर नंतर पिळताना त्या सालीतच अडकतात. कापलेल्या तोंडावर एक चहाचा चमचा तेल हळूहळू सोडा, तेल पाकळ्यांच्या फटींत उतरायला हवं. वर चिमूटभर मीठ. मग फॉइलची पुरचुंडी बांधा. फॉइलची चकचकीत बाजू आत की बाहेर, याने काही फरक पडत नाही.

ओव्हन १० ते १५ मिनिटं आधी तापवून घ्या. १६ ते २० लिटरच्या ओटीजीत वरचा रॉड पदार्थापासून जेमतेम चार-पाच बोटांवर असतो, म्हणून जाळी खालच्या खाचेत लावा आणि १८० ते १९० अंशच ठेवा. मोठ्या ओव्हनला २०० चालतात, पंख्याच्या ओव्हनमध्ये त्यातून २० कमी करा. पन्नास-साठ ग्रॅमच्या गड्ड्याला ४० मिनिटं लागतात. पुरचुंडी दाबून बघा. मधली पाकळी पिकलेल्या केळ्यासारखी दबली, की तोंड उघडून आणखी ८-१० मिनिटं ठेवा. रंग याच वेळात येतो. या वेळात ओव्हनपासून लांब जाऊ नका, बदामी रंगाचा काळा व्हायला तीन-चार मिनिटं पुरतात.

गड्डा अर्धवट राहिलाच, तर काळा भाग कापून टाका, चमचाभर पाणी शिंपडून परत गुंडाळा आणि १७० अंशांवर १५-२० मिनिटं ठेवा. जळका कडवटपणा मात्र गूळ घालूनही झाकला जात नाही.

अमेरिकेतल्या मुलीने ४०० अंशांवर ४५ मिनिटं ठेवायला सांगितलं. आमच्या ओव्हनचा आकडा २५० ला संपतो. (एक वाचक, सोलापूर)

तिचे अंश फॅरनहाइटमधले आहेत. ते ४०० म्हणजे आपले साधारण २०५. तिची ४५ मिनिटंही तशीच उचलू नका. तिकडचा गड्डा मोठा आणि मोजक्या जाड पाकळ्यांचा असतो. आपल्याकडे यमुना सफेदसारख्या वाणाच्या गड्ड्यात २५-३० बारीक पाकळ्या निघतात, त्या लवकर शिजतात आणि लवकर सुकतातही. लहान गड्डा असेल तर २५व्या मिनिटालाच दाबून बघायला सुरुवात करा. डोंगरी, मोठ्या पाकळ्यांचा लसूण मिळाला तर भाजायला तोच घ्या. गावरान लसूण ठेच्याला, फोडणीला उत्तम, पण भाजून पिळायचा म्हटला तर बारीक सालींशी झटापट फार होते.

सोललेल्या पाकळ्या ठेचून भाजल्या तर वेळ वाचेल ना? (एक वाचक, ठाणे)

वेळ वाचेल, पण चव वेगळी येईल. लसणाचा तिखट झणका पाकळीत तयार नसतो. ती चिरली-ठेचली की आत वेगवेगळे असलेले दोन घटक, अ‍ॅलिइन आणि अ‍ॅलिइनेज हे विकर (एन्झाइम), एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन बनतं. अख्खी पाकळी तापवली की हे विकर आधीच निकामी होतं, म्हणून भाजका लसूण गोडसर लागतो. आख्ख्या सोललेल्या पाकळ्या तेलात घोळवून, फॉइलमध्ये बांधून २० ते २५ मिनिटं भाजल्या तर चालतील.

मायक्रोवेव्हमध्ये फॉइल ठेवल्यावर ठिणग्या उडाल्या. कन्व्हेक्शनवर फॉइल चालते का? (एक वाचक, कोल्हापूर)

मायक्रोवेव्हवर किंवा कॉम्बी मोडवर (मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन एकत्र) फॉइल अजिबात नाही. नुसत्या कन्व्हेक्शनवर चालते की नाही, ते तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत बघा. शंका असेल तर ओव्हनमध्ये चालणारं झाकणाचं काचेचं भांडं घ्या, काम तेच होतं. नुसत्या मायक्रोवेव्हवर लसूण उकडतो आणि मग चिवट होतो, भाजला जात नाही.

भाजलेल्या पाकळ्या हिरव्या-निळ्या पडल्या. फेकून द्यायच्या का? (एक वाचक, बेळगाव)

नको. लसणातल्या गंधकाच्या संयुगांची अमिनो आम्लांशी क्रिया होऊन तो रंग येतो. शीतगृहातल्या लसणात हे जास्त दिसतं. खायला काही अपाय नाही.

दहा गड्डे भाजून बरणीत तेलात बुडवून ओट्यावर ठेवले तर किती दिवस टिकतील? वर लिंबू पिळलं तर? (एक वाचक, पुणे)

एकही दिवस बाहेर ठेवू नका. लसूण मातीतून येतो आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. ओव्हनचा काटा २०० दाखवत असला, तरी पाकळीत ओल आहे तोवर आतलं तापमान १०० च्या आसपासच राहतं. हे बीजाणू मारायला दाबाखाली १२१ अंश लागतात. म्हणजे ते भाजण्यातून वाचतात. मग तेलाखाली हवा नाही, आंबटपणा नाही, ओट्यावर ऊब आहे: त्यांना हवं ते सगळं आपणच पुरवतो. त्यांचं विष मज्जासंस्थेवर जातं, आणि बरणीला वास किंवा चव बदलल्याची खूण येईलच असं नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले होते. तो लसूण बाटलीतला होता आणि फ्रिजबाहेर ठेवलेला होता.

लिंबाचा भरवसा धरू नका. आंबटपणा पाकळीच्या गाभ्यापर्यंत पुरेसा पोहोचला की नाही, हे घरी अंदाजाने कळत नाही. लोणच्याचा दाखला इथे लागू नाही, तिथे मीठ आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असतात.

भाजलेला लसूण गार होताच झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा, तेलात असला तरी तेवढेच दिवस. जास्त असेल तर पिळून वाटा, बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा भरून गोठवा आणि वड्या पिशवीत काढून फ्रीझरमध्ये ठेवा. तीन-चार महिने चव चांगली राहते. दहा गड्डे एकाच वेळी भाजण्याची कल्पना मात्र चांगली आहे, एका गड्ड्यासाठी तासभर ओव्हन जाळणं परवडत नाही.

याची सुकी खोबरं-लसूण चटणी होईल का? (एक वाचक, सातारा)

होईल, पण ती सुकी राहणार नाही. भाजक्या लसणाचा लगदा ओला असतो, खोबऱ्यात गोळे धरतो आणि चटणी लवकर खराब होते. त्या चटणीला कच्चा लसूणच हवा. हा लगदा घट्ट वरणात रवीने घुसळा, नाहीतर थालीपिठाच्या पिठात मळा. एका वाटी भाजणीला चार-पाच मोठ्या पाकळ्या घ्या आणि पीठ भिजवताना पाणी थोडं कमी घाला.