‘कोसला’ एकटीने कशी वाचू?

प्रश्न: ताई, एमएला ‘कोसला’ लागलीय, क्लास वगैरे लावलेला नाही, गाइड वाचलं तरी वर्गात बोलायची वेळ आली की ब्लँक होते. काय करू?

उत्तर: अगं, गाइड आधी कपाटात टाक. भालचंद्र नेमाड्यांची १९६३ ची कादंबरी आहे, पण तिचा नायक पांडुरंग सांगवीकर अगदी तुमच्या होस्टेलवरचाच वाटेल. पहिल्यांदा नुसती वाच, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बस आणि ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ हे त्याचे थट्टेच्या सुरातले शब्द दिसले की खूण कर, मग त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग काढ आणि बघ, तिथे ती थट्टेची भाषा टिकते का, कुठे तुटते. एवढं जरी पान उघडून वर्गात दाखवलंस तरी चर्चा सुरू होते, आणि निबंधही त्यातूनच निघतो. परीक्षेसाठी पाच-सहा प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहून ठेव, पाठ नको करूस.