गॅसच्या पाइपला अर्थिंगची वायर

प्रश्न : आमची चार मजली इमारत जुनी आहे. स्वयंपाकघरातल्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं, म्हणून वायरमनने फ्रिज आणि मायक्रोवेव्हची हिरवी वायर पाइप गॅसच्या पाइपला गुंडाळून दिली. "लोखंडी पाइप आहे, जमिनीत जातो," असं तो म्हणाला. आता वरच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्या पाइपला हात लावला की झिणझिण्या येतात. याचा आमच्याशी काही संबंध असेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, संबंध नक्कीच असू शकतो, आणि हे काम आजच हातात घ्या.

वायरमनचा समज चुकीचा आहे. भिंतीवरून चढणारा पाइप लोखंडी असला, तरी जमिनीखाली गॅस येतो तो प्लास्टिकच्या (पॉलिइथिलीनच्या) पाइपमधून. त्यातून वीज जमिनीत जात नाही. म्हणजे तुमच्या फ्रिजला अर्थिंग मिळालंच नाही, उलट त्याची विजेची गळती त्या उभ्या पाइपवरून सगळ्या मजल्यांवर पोचली. मायक्रोवेव्हसारख्या उपकरणातल्या फिल्टरमुळे नुसत्या झिणझिण्या येऊ शकतात. पण उद्या फ्रिजच्या मोटरचं इन्सुलेशन गेलं, तर त्याच पाइपवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. कुठे सैल जोड असला तर तिथे ठिणगी पडेल, आणि आत गॅस आहे.

गॅसचा वास येत असेल तर एकही बटण चालू-बंद करू नका. गॅसचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. वास नसेल तर घराचा मेन स्विच बंद करा. ती वायर मात्र स्वतः ओढून काढू नका. तुमचा मेन बंद असला तरी पाइपवर व्होल्टेज असू शकतं, कारण दुसऱ्या कुणाच्या घरीही हेच केलेलं असू शकतं. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने आधी मल्टिमीटरने मोजावं, मगच वायर सोडवावी. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. किरकोळ गळतीलाही तो पेटतो.

खरी दुरुस्ती मीटरच्या खोलीत आहे. तिथल्या अर्थ पट्टीपासून तुमच्या घरापर्यंत वेगळी अर्थ वायर आणा, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. अर्थिंगशिवाय तो बसवला, तर बहुतेक वेळा माणसाच्या अंगातून वीज गेल्यावरच तो पडतो. अर्थिंग असलं की फ्रिज बिघडताक्षणी पडेल.

आता कुणी म्हणेल, की गॅसच्या पाइपला वायर जोडायचीच असते. तेही बरोबर आहे, त्याला बाँडिंग म्हणतात. त्यात पाइप मुख्य अर्थ पट्टीला जोडतात, म्हणजे पाइप आणि मिक्सर यांना एकदम हात लागला तरी दोन्हींत व्होल्टेजचा फरक राहत नाही. उपकरणाचं अर्थिंग पाइपवर सोपवणं ही पूर्ण वेगळी गोष्ट, आणि ती कधीही करायची नाही. बाँडिंगला किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची हिरवी-पिवळी वायर लागते. रंग खरवडून, उघड्या धातूवर क्लॅम्पने ती घट्ट बसवतात. गुंडाळून चालत नाही. क्लॅम्प कुठे लावायचा हे गॅस कंपनीला विचारूनच ठरवा.

आणि वरच्या काकूंना आजच सांगा, तपासणी होईपर्यंत पाइपला हात लावू नका.